मणक्याची शस्त्रक्रिया आणि पाठदुखीचे निवारण

मणक्यातील गादी सरकल्याचे निदान होऊन शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला, की रुग्णाच्या घरी दोन परस्परविरोधी समजुती ऐकू येतात. शस्त्रक्रियेने माणूस कायमचा अधू होतो, ही एक. आणि शस्त्रक्रिया झाली की पाठदुखी समूळ नाहीशी होते, ही दुसरी. या दोन्ही समजुती वस्तुस्थितीला धरून नाहीत.

गादी सरकणे म्हणजे काय?

पाठीच्या कण्यातील मणक्यांमध्ये २३ चकत्या असतात. चकतीचे बाहेरचे वेष्टन चिवट तंतूंचे, तर आतील गर मऊ असतो. वेष्टन फाटून गर बाहेर आला, की शेजारच्या मज्जातंतूवर दाब पडतो. कंबरेच्या तळाशी असलेल्या दोन चकत्यांमध्ये हा विकार सर्वाधिक आढळतो. म्हणूनच कळ कुल्ल्यापासून पोटरी व पावलापर्यंत जाते. सायटिका म्हणतात तो हाच त्रास. चकती आणि ही वेदना यांचा संबंध अमेरिकेतील डॉ. मिक्स्टर व डॉ. बार यांनी १९३४ साली स्पष्टपणे मांडला.

शस्त्रक्रिया केव्हा?

बहुसंख्य रुग्णांना सहा ते बारा आठवड्यांत औषधे, बेताची हालचाल व व्यायाम यांनीच आराम पडतो. नेदरलँड्समध्ये २८३ रुग्णांवर झालेल्या व २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लवकर शस्त्रक्रिया केलेल्यांची पायातील वेदना लवकर थांबली. मात्र वर्षअखेरीस दोन्ही गटांची प्रकृती जवळजवळ सारखीच होती. थांबण्याचे ठरविलेल्या गटातील सुमारे ३९ टक्के रुग्णांना पुढे शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली.

लघवी अडणे, लघवी वा शौचावरील ताबा सुटणे, जांघेत बधिरता येणे किंवा पावलातील शक्ती झपाट्याने कमी होणे, ही लक्षणे दिसताच रुग्णाला विनाविलंब रुग्णालयात न्यावे. अशा वेळी उसण भरली असे समजून पाठ तुडवून घेण्यात किंवा पायाळू माणसाचा शोध घेण्यात वेळ दवडणे घातक ठरते.

आराम कोणत्या दुखण्याला?

शस्त्रक्रियेत संपूर्ण चकती नव्हे, तर मज्जातंतूवर दाब देणारा भागच सामान्यतः काढला जातो. त्यामुळे पायातील कळ बहुधा लवकर थांबते. बधिरता व अशक्तपणा जाण्यास काही आठवडे किंवा महिने लागू शकतात. पाठीचे दुखणे मात्र हळूहळू कमी होते व काही रुग्णांत थोडे उरतेही. कारण चकतीची झालेली झीज व स्नायूंचा दुबळेपणा शस्त्रक्रियेने भरून येत नाही. तो भाग व्यायामाचा आणि सवयींचा आहे.

नंतरची काळजी

रुग्णाला साधारणपणे त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी चालविले जाते. अंथरुणाला खिळून राहण्याने स्नायू आणखी दुबळे होतात. म्हणून चालण्याचे अंतर रोज थोडे वाढवावे. पहिले काही आठवडे फार वेळ एका जागी बसणे, कंबरेतून वाकणे, पीळ देणे व ओझे उचलणे टाळावे. पुढेही वस्तू उचलताना गुडघे वाकवावेत व ती अंगाजवळ धरावी. व्यायाम तज्ज्ञांच्या सल्ल्यानेच सुरू करावेत. तंबाखू व धूम्रपान सोडणे हिताचे. ताप येणे, जखमेतून स्राव येणे किंवा पायातील कळ पुन्हा सुरू होणे याकडे दुर्लक्ष करू नये. काही रुग्णांत त्याच जागी गर पुन्हा बाहेर येतो.

कामावर परतताना

बैठे काम बहुधा काही आठवड्यांत सुरू करता येते. हमाल, शेतमजूर अशांना मात्र दोन-तीन महिने थांबावे लागते. पोटासाठी त्याआधीच ओझे उचलावे लागले, तर शस्त्रक्रियेचा लाभ धोक्यात येतो. कार्यालयप्रमुखांनी अशा कर्मचाऱ्यास मधूनमधून उठण्याची मुभा द्यावी, शाळेत त्याच्याकडे सामान हलविण्याचे काम देऊ नये आणि गावातील कामांवर मजुरास काही काळ हलके काम मिळेल, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. मज्जातंतूवरील दाब शल्यचिकित्सक दूर करतो. पाठीला पुन्हा बळ मिळण्यासाठी रुग्णाची चिकाटी आणि भोवतालच्यांची समजूत, दोन्ही लागतात.