कुत्र्याचा स्वभाव : वंशाचा की वळणाचा?

वाटूर हे जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यातील गाव. या भागातील शेतकऱ्याचा निम्मा संसार गावातील घरी व निम्मा शेतातील आखाड्यावर असतो. आखाड्यावर बैल, गाई व शेळ्या बांधलेल्या असतात. अवजारे व पाण्याचा पंप असतो. सुगीच्या दिवसांत धान्यही उघड्यावर पडलेले असते. रात्री रानडुकरे व रोही पिकात शिरतात. चोरीचे भय असते ते निराळेच. यासाठी आखाड्यावर कुत्रे पाळण्याची रीत फार जुनी आहे. मात्र अलीकडे गावरान कुत्र्याऐवजी पिटबुलसारख्या परदेशी जातीचे पिल्लू विकत आणण्याचा मोह काही जणांना होतो, आणि त्याबरोबर एक वादही सुरू होतो. एक पक्ष म्हणतो, 'ती जातच चावरी, तिला कितीही वळण लावा, व्यर्थ आहे.' दुसरा पक्ष म्हणतो, 'जातीत काही नसते, धनी लावील तसे वळण कुत्र्याला लागते.'

हा वाद केवळ पारावरच्या करमणुकीचा नव्हे. आखाड्यावर घरची व सालगड्याची लहान मुले वावरत असतात. पहिले मत धरून बसलेला धनी, कुत्रे चावल्यावर सारा दोष जातीवर टाकून मोकळा होतो. दुसरे मत धरून बसलेला धनी, झुंजीसाठी जोपासलेल्या वंशाचे पिल्लू निर्धास्तपणे मुलांमध्ये आणून सोडतो. दोन्ही प्रकारांत इजा होते ती मुलाला. म्हणून या प्रश्नाचा शांतपणे विचार करणे अगत्याचे आहे.

बैलावरून घ्यावयाचा धडा

बैलाच्या बाबतीत असा वाद कोणी शेतकरी घालीत नाही. खिल्लार चपळ व तापट, देवणी संथ व शांत, लाल कंधारी काटक, हे त्याला ठाऊक असते आणि बाजारात तो वंश पाहूनच बैल निवडतो. परंतु घरी आणल्यावर तो सारे वंशावर सोपवून स्वस्थ बसत नाही. खोंडाच्या अंगावरून रोज हात फिरवावा, त्याला माणसांच्या वावराची सवय करावी, जोखडाला हळूहळू सरावू द्यावे, हे तो जाणतो. लहानपणापासून प्रेमाने हाताळलेला खिल्लार घरच्या पोरालाही दाद देतो. उलट, सतत पराणीने टोचलेला देवणीही मारका होतो. बैलाच्या बाबतीत शेतकरी वंश व वळण दोन्ही मानतो. कुत्र्याच्या बाबतीतही हाच न्याय लावावयास हवा.

वंशाने काय मिळते?

प्राण्याचा स्वभाव निवड पद्धतीने पिढ्यांमागून पिढ्या बदलता येतो, यात आता शंका उरलेली नाही. रशियातील शास्त्रज्ञ दिमित्री बेल्यायेव यांनी १९५९ साली नोव्होसिबिर्स्क येथे रुपेरी कोल्ह्यांवर प्रयोग सुरू केला. प्रत्येक पिढीतील जे कोल्हे माणसाला कमीत कमी भीत, त्यांच्यापासूनच पुढील पैदास केली. त्यांना कसलेही शिक्षण दिले नाही. तरीही थोड्याच पिढ्यांत माणसाला पाहून शेपटी हलविणारी व हात चाटणारी पिल्ले जन्मास येऊ लागली. येथे केवळ वंशानेच काम केले.

कुत्र्यांच्या जातीही अशाच कामापरत्वे घडल्या आहेत. दख्खनच्या पठारावरील कारवानी कुत्रे सावज नजरेने हेरून त्यामागे धावण्यासाठी जोपासले गेले. ती शिकार आता कायद्याने बंद आहे. परंतु पळणारे जनावर दिसताच कारवानीचे पाय शिवशिवतात, ते वंशामुळे.

पिटबुलची कहाणीही अशीच आहे. इंग्लंडमध्ये पूर्वी बांधलेल्या बैलावर कुत्री सोडण्याचा क्रूर खेळ चाले. १८३५ च्या कायद्याने तो बंद झाला. मग शौकिनांनी बुलडॉग व टेरियर यांच्या संकरातून झुंजीची कुत्री तयार केली व त्यांच्या लढती लपूनछपून लावल्या. हीच कुत्री पुढे अमेरिकेत गेली. तेथील युनायटेड केनेल क्लबने १८९८ पासून 'अमेरिकन पिटबुल टेरियर' या नावाने त्यांची नोंद सुरू केली. या वंशात दुसऱ्या कुत्र्यावर तुटून पडण्याची व वेदना झाली तरी पकड न सोडण्याची खोड निवडून निवडून वाढविली गेली. झुंज सोडविण्यासाठी माणसाला कुत्र्यांमध्ये हात घालावा लागे. त्यामुळे माणसावर उलटणारे कुत्रे त्या शौकिनांनाही सोयीचे नव्हते. म्हणून 'पिटबुल म्हणजे जन्मतः माणसाचा वैरी' असे म्हणणे बरोबर नाही.

तरीही शेतकऱ्याने दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. पहिली, आखाड्यावर इतर कुत्री, वासरे व शेळ्या असतात. तेथे झुंजीच्या वंशाचे कुत्रे सांभाळणे अवघड जाते. दुसरी, कुत्रे किती वेळा चावते आणि चावल्यास इजा किती होते, हे दोन निरनिराळे प्रश्न आहेत. लहान गावरान कुत्र्याने घेतलेला चावा व जबडा न सोडणाऱ्या बलदंड कुत्र्याने घेतलेला चावा यांत फार अंतर आहे. मोठ्या कुत्र्याच्या धन्याकडून झालेली लहानशी हयगयदेखील महागात पडते.

वंशाची मर्यादा

वंशाने सारेच ठरते असेही नाही. २०२२ साली अमेरिकेत एका मोठ्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. तीत १८,००० हून अधिक कुत्र्यांच्या धन्यांकडून वर्तनाची माहिती घेण्यात आली व २,००० हून अधिक कुत्र्यांची आनुवंशिक तपासणी करण्यात आली. एका कुत्र्याच्या व दुसऱ्या कुत्र्याच्या वर्तनात जो फरक पडतो, त्यापैकी सुमारे ९ टक्के एवढ्याच भागाचा उलगडा जातीवरून होतो, असे दिसून आले. सांगितलेले ऐकण्याची तयारी काही अंशी जातीवरून ओळखता आली. परंतु भीती वा त्रास वाटताच कुत्रे किती लवकर अंगावर येते, हे जातीवरून जवळजवळ सांगताच आले नाही. एकाच जातीची दोन कुत्री परस्परांहून पुष्कळ भिन्न असू शकतात, हा याचा अर्थ. म्हणून पिल्लू निवडताना जातीच्या नावापेक्षा त्याचे प्रत्यक्ष आईबाप पाहणे अधिक उपयोगाचे असते.

पहिले तीन महिने

उरलेला फरक केवळ वळणाचा नसला, तरी वळणाचा वाटा त्यात मोठा आहे, आणि त्या वळणाचा मोसम फार थोडा असतो. अमेरिकेतील बार हार्बर येथील संशोधकांनी १९६१ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही पिल्ले माणसांपासून दूर, कुंपण घातलेल्या रानात वाढविली. त्यांपैकी काहींना निरनिराळ्या वयांत थोडे दिवस माणसांचा सहवास दिला. काहींना १४ आठवडेपर्यंत तो दिलाच नाही. ज्यांना तो लहानपणी मिळाला ती माणसाळली. ज्यांना मिळाला नाही ती माणसाला पाहून दूर पळत व पुढेही त्यांची भीती जाईना. यावरून तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या आठवड्यापर्यंतचा काळ पिल्लाच्या स्वभावाला फार महत्त्वाचा आहे, हे स्पष्ट झाले. वाफसा निघून गेल्यावर केलेली पेरणी जशी साधत नाही, तसेच येथेही आहे.

समजा, वाटूरच्या शिवारात एका कुत्रीला दोन पिल्ले झाली. आई एक, बापही एकच. एक पिल्लू गावातील घरी वाढले. मुलांनी त्याला उचलले, म्हाताऱ्यांनी हाकारले, पाहुणे आले-गेले, मोटारसायकलचा आवाज त्याच्या कानावरून गेला. दुसरे पिल्लू तिसऱ्या आठवड्यात आखाड्यावर नेऊन खांबाला बांधले. दिवसातून एकदा भाकर टाकणाऱ्या माणसाखेरीज त्याने कोणी पाहिले नाही. येणारी-जाणारी पोरे त्याला दगड मारून पळत. वर्षभरात पहिले कुत्रे अनोळखी माणसावर भुंकते व धन्याच्या एका शब्दाने थांबते. दुसरे मात्र साखळी तुटताच समोर येईल त्याला चावते. धनी त्याला 'कडक' म्हणून मिरवितो. वास्तविक ते कडक नसून भेदरलेले असते. भेदरलेले कुत्रे चोर व पाहुणा यांत भेद करीत नाही.

काही चुकीच्या समजुती

कुत्रे तिखट व्हावे म्हणून त्याचे कान किंवा शेपटी कापणे, त्याला मिरची चारणे, अंधारात कोंडणे किंवा इतर कुत्र्यांशी झुंजविणे या गोष्टी निरुपयोगी व क्रूर आहेत. त्यांनी राखण सुधारत नाही; वेदना व संशय मात्र वाढतो. प्राण्यांच्या छळास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यानुसार प्राण्यांच्या झुंजी लावणे हा गुन्हा आहे. नेहमी साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पुरेसे न फिरविणे, हाही त्याच कायद्याने गुन्हाच ठरतो.

राखणदार कुत्र्याचे खरे काम भुंकून धन्याला जागे करणे हे आहे. माणसाला फाडणे हे नव्हे. हे काम नीट वाढविलेले गावरान कुत्रे उत्तम करते. त्याला येथील ऊन मानवते व भाकरीवर ते राहते.

कायदा काय सांगतो?

केंद्र शासनाच्या पशुसंवर्धन विभागाने १२ मार्च २०२४ रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुलसह २३ जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबविण्यास सांगितले होते. ते पत्र कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये रद्द ठरविले. तथापि, धन्याची जबाबदारी त्यामुळे कमी होत नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसास धोका पोहोचू नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम कुत्र्याची जात विचारीत नाही; धन्याची हयगय पाहते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बंधूंनी ध्यानात ठेवावे

१. पिल्लाची आई अवश्य पाहावी. शक्य असल्यास बापही पाहावा. आई भित्री किंवा विनाकारण अंगावर येणारी असल्यास ते पिल्लू घेऊ नये.

२. ८ आठवडे पुरे होण्यापूर्वी पिल्लू आईपासून तोडू नये. त्याहून लहान पिल्लू विकण्यास २०१७ च्या केंद्रीय नियमांनी मनाई आहे. मात्र आईजवळ असतानाच त्याला रोज माणसांचा हात लागू द्यावा.

३. घरी आणल्यावर पहिला महिनाभर त्याला मुले, वृद्ध, गुरे, शेळ्या, वाहने व अनोळखी माणसे यांची हळूहळू ओळख करून द्यावी. या काळात भीती किंवा मार देऊ नये.

४. 'बस', 'थांब', 'सोड' असे मोजके शब्द घरातील सर्वांनी एकसारखे वापरावेत. ऐकल्यास भाकरीचा तुकडा द्यावा.

५. दिवसभर बांधावयाचे असल्यास सावली, पाणी व लांब दोरी द्यावी आणि सकाळ-संध्याकाळ फिरवून आणावे. आखाड्याला कुंपण घालता आल्यास उत्तम.

६. कुत्रे गुरगुरल्यास त्याला मारू नये. गुरगुरणे ही सूचना असते. मार खाऊन सूचना देणे सोडलेले कुत्रे एकदम चावते.

७. कुत्रे खात असताना, झोपले असताना किंवा पिल्लांना पाजीत असताना मुलांना जवळ जाऊ देऊ नये. ओळखीच्या कुत्र्याजवळही लहान मूल एकटे सोडू नये.

८. वयाच्या तिसऱ्या महिन्यात पिसाळ रोगाची लस टोचावी व दरवर्षी ती पुन्हा द्यावी. नर कुत्र्याचे खच्चीकरण केल्यास त्याचे भटकणे व भांडणे कमी होतात. त्यासाठी पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

९. कुत्रे चावल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी. तिखट, चुना, हळद लावू नये. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन लस सुरू करावी व ठरलेल्या सर्व मात्रा पुऱ्या कराव्यात. रक्त आले असल्यास लसीबरोबर द्यावयाच्या प्रतिद्रव्याविषयीही विचारावे. पिसाळ रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की रोगी बहुधा वाचत नाही.

सारांश, वंश कुत्र्याला कल देतो. त्या कलाचे काय होणार, हे पुष्कळ अंशी धन्याच्या हाती असते. ज्याला रोज अर्धा तास देणे शक्य नाही, त्याने बलदंड झुंजीच्या वंशाचे पिल्लू आणूच नये. ज्याने कोणतेही कुत्रे आणले, त्याने पहिले तीन महिने वाया घालवू नयेत. आखाड्यावरील कुत्रे सालगड्याच्या मुलाला ओळखते आणि रात्री परक्याच्या पावलावर भुंकते, एवढे साधले की राखणीचे काम साधले.