वळिवड्याची छावणी आणि परदेशी माणसांच्या कबरी

आंबिवलीहून कल्याणला निघाले की मध्ये शहाड लागते. शहाडला उतरून उल्हासनगरच्या बाजाराला तुम्ही गेला असाल. जुनी माणसे त्या गावाला अजून कॅम्पच म्हणतात. तिथे आधी लष्कराची छावणी होती. १९४७ साली फाळणी झाली. सिंधी लोक घरदार सोडून आले. त्यांना त्या बराकींत जागा मिळाली.

अशीच एक छावणी कोल्हापूरजवळ वळिवडे गावी होती. तिथेही पुढे सिंधी लोक आले. पण त्यांच्या आधी फार लांबचे लोक तिथे राहून गेले. ते पोलंड देशाचे.

पोलंड युरोपात आहे. १९३९ च्या सप्टेंबरात एका बाजूने जर्मनीने आणि दुसऱ्या बाजूने रशियाने त्याच्यावर चाल केली. १९४० पासून रशियाने हजारो पोलिश कुटुंबे घरातून उचलली, गाडीत कोंबली आणि सायबेरियाच्या थंडीत नेऊन टाकली. दिवसभर लाकूडतोड करायची आणि मोजून भाकरी खायची. कितीतरी जण तिथेच मेले. १९४१ साली जर्मनीने रशियावरच हल्ला केला, तेव्हा कुठे त्यांची सुटका झाली. पुरुष फौजेत गेले. बायका, मुले आणि म्हातारी माणसे इराणमार्गे हिंदुस्थानात आली.

वळिवड्याची छावणी १९४३ साली उभी राहिली. सुमारे पाच हजार माणसे तिथे राहत. बराकींच्या रांगा होत्या, दवाखाना होता, शाळा होत्या. (मी पडलो मास्तर, तेव्हा शाळा सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. परक्या मुलखात, उद्याचा भरवसा नसताना, त्या बायांनी मुलांचे शिक्षण बंद पडू दिले नाही.) आणि देऊळ म्हणून त्यांचे चर्च होते. हे लोक कॅथलिक ख्रिस्ती. बारसे, लग्न आणि मर्तिक, तिन्ही चर्चच्या हातून व्हायची.

मर्तिके होणारच. उपासमारीने खंगून आलेली ती माणसे. काहींना इथे पोटभर अन्न मिळाले, पण शरीर आधीच संपले होते. ख्रिस्ती लोक मृतास जाळत नाहीत, पुरतात. छावणीतल्या मृतांना कोल्हापूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत पुरले. कबरीवर क्रूस आणि दगडावर नाव कोरलेले. नाव पोलिश भाषेतले. आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या माणसालाही ते नीट उच्चारता येत नाही.

१९४८ साली छावणी मोडली. काही जण मायदेशी परतले. पण पुष्कळांची गावे आता रशियाच्या ताब्यात होती. परत जायचे कुठे? ते इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, कॅनडा असे पांगले. एक-दोघी मुलींनी इथेच लग्न करून संसार थाटला. बाकी सगळे गेले. बराकींत सिंधी लोक आले आणि वस्तीला गांधीनगर नाव पडले. आज तिथे कापडाचा मोठा बाजार आहे.

कबरी मात्र राहिल्या. जिवंत माणूस गाठोडे उचलून पुढे जातो. पुरलेली आई कशी नेणार?

आपण सर्वपित्री अमावस्येला पितरांना जेवू घालतो. पोलंडात १ नोव्हेंबरला घरचे सगळे दफनभूमीत जातात आणि कबरीवर मेणबत्त्या लावतात. रात्री सारे आवार उजळून निघते. कोल्हापूरच्या या कबरींवर दिवा लावायला घरचे कोणी जवळ नव्हते.

पण छावणीत वाढलेली मुले विसरली नाहीत. म्हातारपणी ती परत आली. १९९८ साली कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांच्या आठवणीचा स्तंभ उभा राहिला. पुढे पोलंडच्या सरकारने कबरींची डागडुजी केली. २०१७ साली खुद्द पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, कोल्हापूरच्या नावाचे स्मारक झाले. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे फुले वाहिली. त्या स्मारकावर कोल्हापूरचे नाव आहे, आणि इकडे कोल्हापुरात दगडांवर पोलंडच्या माणसांची नावे आहेत.