बर्फाखालचा अग्नी

उत्तर अटलांटिक महासागरात, ग्रीनलंड व नॉर्वे यांच्या दरम्यान आइसलंड नावाचे बेट आहे. आर्क्टिक वृत्त त्याच्या उत्तर टोकाला जवळजवळ स्पर्श करून जाते. बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,०३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या एक-तृतीयांश. परंतु लोकवस्ती अवघी चार लाखांच्या आसपास. तीही जवळजवळ सर्व किनाऱ्यालगत. मधले पठार दगड, राख आणि हिम यांनी व्यापलेले असून तेथे गाव म्हणून नाही.

या देशाच्या नावात बर्फ आहे खरा; पण भूमीचा सुमारे दहावा भागच हिमनद्यांखाली आहे. शेजारचे ग्रीनलंड मात्र बहुतेक सारे हिमाने झाकलेले! नावे देणाऱ्यांनी मोठीच अदलाबदल केलेली दिसते. आइसलंडची राजधानी रेक्याविक ही मॉस्कोच्या कितीतरी उत्तरेस आहे. तरीही जानेवारीत तिचे सरासरी तापमान शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास असते आणि मॉस्कोची थंडी तिच्याहून कडक असते. नैऋत्येकडून येणारा सागराचा उष्ण प्रवाह बेटाचा दक्षिण व पश्चिम किनारा उबदार ठेवतो, हे याचे कारण होय. उत्तरेकडून शीत प्रवाह येतो. दोहोंच्या संगमामुळे भोवतालच्या समुद्रात मासळी विपुल आहे. हवा मात्र मोठी लहरी. उन्हाळाही थंडच; जुलैचे सरासरी तापमान अकरा-बारा अंशांपलीकडे सहसा जात नाही. डिसेंबरच्या मध्यानंतर रेक्याविकमध्ये सूर्य जेमतेम चार तास दिसतो, तर जूनमध्ये रात्री खरा अंधार पडतच नाही.

परंतु या भूमीचे खरे वैशिष्ट्य तिच्या पोटात आहे. पृथ्वीच्या कवचाचे दोन प्रचंड तुकडे येथे परस्परांपासून वर्षाला सुमारे दोन सेंटिमीटर इतके दूर सरत आहेत. त्यामुळे जमिनीस भेगा पडतात आणि त्यांतून तप्त शिलारस वर येतो. तो थिजून काळा पाषाण बनतो. महाराष्ट्राचे काळे कातळही कोट्यवधी वर्षांपूर्वी अशाच भेगांतून वाहिलेल्या शिलारसाचे झाले आहेत. येथे तो अग्नी केव्हाच विझला, तेथे तो अद्याप जागा आहे.

हा अग्नी किती दारुण ठरू शकतो, हे १७८३ साली दिसले. त्या वर्षी जून महिन्यात लाकी येथे सुमारे पंचवीस किलोमीटर लांबीची भेग उघडली आणि आठ महिने धगधगत राहिली. तिच्यातील विषारी वायूंनी कुरणे दूषित झाली. गवत खाऊन मेंढ्या व गुरे मेली, आणि पाठोपाठ आलेल्या दुष्काळात देशातील सुमारे एक-पंचमांश माणसे दगावली. पुढे १९९६ साली वात्नायोकुल या सर्वांत मोठ्या हिमनदीखाली उद्रेक झाला. वितळलेले पाणी काही आठवडे बर्फाखाली साचत गेले आणि नोव्हेंबरमध्ये एकाएकी बाहेर फुटले. त्या लोंढ्यात घराएवढे हिमखंड वाहत आले व महामार्गावरील पुलांचे पोलादी तुळवे वाकून गेले. शास्त्रज्ञांनी आधीच इशारा दिला असल्यामुळे रस्ता बंद होता. कोणाचाही प्राण गेला नाही.

दक्षिण किनाऱ्यापाशी हेमाए हे लहानसे बेट आहे. तेथील लोकांचा चरितार्थ मासेमारीवर चालतो. २३ जानेवारी १९७३ रोजी मध्यरात्रीनंतर गावाच्या अगदी कडेला जमीन दुभंगली आणि आगीची भिंतच उभी राहिली. गावात सुमारे ५,३०० माणसे होती. आदल्या दिवशी वादळ असल्याने कोळ्यांच्या नौका समुद्रावर न जाता बंदरातच उभ्या होत्या. त्या वादळानेच गाव वाचविले म्हणावयास हरकत नाही. कारण त्याच नौकांतून पहाटेपर्यंत जवळजवळ सर्व लोक मुख्य भूमीवर सुखरूप पोहोचले.

पाठीमागे राहिलेल्या मोजक्या माणसांपुढे निराळेच संकट होते. राखेच्या भाराने छपरे कोसळत होती, आणि शिलारस हळूहळू बंदराच्या मुखाकडे सरकत होता. घरे पुन्हा बांधता आली असती. पण बंदर बुजले असते तर गावाला परतण्याचे कारणच उरले नसते. तेव्हा लोकांनी समुद्राचे गार पाणी पंपांनी खेचून शिलारसावर अहोरात्र ओतण्यास आरंभ केला. पुढचा थर थिजला की त्याचाच बांध होई, मग नळ आणखी पुढे नेत. असे कित्येक आठवडे चालले. सुमारे चारशे घरे गेली, परंतु बंदर वाचले. इतकेच नव्हे, नव्या खडकाच्या आडोशामुळे ते पूर्वीपेक्षा सुरक्षित झाले.

जुलैच्या प्रारंभी उद्रेक थांबला आणि बहुसंख्य कुटुंबे परतली. थिजलेला शिलारस वरून गार दिसत असला तरी आत धगधगतच होता. गावकऱ्यांनी त्यात नळ घातले, त्या उष्णतेवर पाणी तापविले, आणि पुढे कित्येक वर्षे त्याच पाण्याने हिवाळ्यात आपली घरे उबदार राखली.