इस्तिहाजा : इबादत आणि उपचार



रमजान जवळ आला की नौपाड्यातील भगिनींचे काही प्रश्न चिठ्ठीवर लिहून, बहुधा पतीच्या किंवा भावाच्या हातून, इमामाकडे येतात. पाळीचा रक्तस्राव दहा-बारा दिवस थांबत नाही, मग नमाज-रोजाचे काय करावे, हा त्यांतील नेहमीचा प्रश्न. तो विचारण्यात लाजण्याचे कारण नाही. धर्मज्ञान मिळविताना अन्सारच्या स्त्रियांना लज्जा आड आली नाही, म्हणून माननीय आयशा (र.) यांनी त्यांची प्रशंसा केली आहे.

असाच प्रश्न माननीय फातिमा बिन्त अबी हुबैश (र.) यांनी स्वतः प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारला होता. सहीह बुखारीतील या हदीसचा आशय असा : हे रक्त शिरेचे आहे, हैजचे नव्हे, हैजचे दिवस असतील तेवढे नमाज सोडावी, ते संपले की रक्त धुऊन नमाज पढावी. माननीय उम्मे हबीबा बिन्त जहश (र.) यांना तर हा त्रास सात वर्षे होता. म्हणजे हा दोष नाही, पाप नाही; ही व्याधी आहे.

हैजच्या मर्यादेबाहेर येणाऱ्या रक्तास 'इस्तिहाजा' म्हणतात. हनफी मतानुसार हैजची कमाल मर्यादा १० दिवस, तर शाफई मतानुसार १५ दिवस आहे. ठाणे-कल्याण परिसरातील कोकणी कुटुंबे बहुतांशी शाफई असल्याने एकाच इमारतीत दोन उत्तरे ऐकू येतात. त्यात गोंधळण्यासारखे काही नाही. उदाहरण घ्या. एखाद्या भगिनीची सवय ६ दिवसांची आहे आणि या वेळी रक्त १४ दिवस आले. हनफी मतानुसार पहिले ६ दिवस हैज व उरलेले ८ दिवस इस्तिहाजा. १० दिवस उलटेपर्यंत ती थांबली असेल, तर सातव्या ते दहाव्या दिवसाच्या नमाजा तिने कजा म्हणून पढाव्यात. शाफई मतानुसार रक्त १५ दिवसांच्या आत थांबल्याने चौदाही दिवस हैजच धरले जातील. म्हणून प्रत्येक महिन्याच्या तारखा वहीत लिहून ठेवाव्यात. सवयच ठाऊक नसेल, तर आपल्या मसलकच्या जाणकार आलिमांना विचारावे.

हैज संपल्यावर गुस्ल करावे. पुढे इस्तिहाजात नमाजची वेळ सुरू झाली की स्वच्छता करून पॅड बदलावे, वुजू करावे आणि नमाज पढावी; नमाजमध्ये रक्त आले तरी ती होते. हनफींच्या मते हे वुजू त्या नमाजची वेळ संपेपर्यंत टिकते; शाफईंच्या मते प्रत्येक फर्ज नमाजसाठी नवे वुजू हवे. रोजा वैध आहे आणि बहुसंख्य विद्वानांच्या मते पती-पत्नीच्या सहवासासही मनाई नाही.

येथवर इबादतीचा प्रश्न सुटला. शरीराचा मात्र सुटत नाही. अल्लाहने प्रत्येक आजारासाठी उपचारही उतरविला आहे, ही प्रेषितांची (स.) शिकवण आहे. रक्तस्राव ७ दिवसांहून अधिक चालणे, तासा-दोन तासांत पॅड भिजणे, मोठ्या गुठळ्या पडणे, रात्री उठून पॅड बदलावे लागणे, जिना चढताना धाप लागणे, ही सारी डॉक्टरांकडे जाण्याची कारणे आहेत. चक्कर येऊन पडणे किंवा गरोदरपणाची शक्यता असताना रक्त जाणे यांत एक दिवसही दवडू नये. पाळी कायमची बंद झाल्यानंतर थोडे रक्त दिसले तरी तपासणी आवश्यक आहे.

यामागे गर्भाशयातील गाठी, संप्रेरकांचे असंतुलन, थायरॉइड, तांबी किंवा रक्त न गोठण्याचा दोष असू शकतो. रक्ततपासणी आणि सोनोग्राफी यांपासून शोध सुरू होतो. हिमोग्लोबिन १२ पेक्षा कमी असेल तर रक्तक्षय समजावा. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नयेत. रक्तस्राव कमी करणारी औषधे, संप्रेरकांच्या गोळ्या, केवळ गाठ काढणारी शस्त्रक्रिया असे अनेक मार्ग आहेत. खर्चाची अडचण असल्यास महापालिकेचे कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. स्त्री डॉक्टर मिळाल्यास उत्तमच. न मिळाल्यास गरजेपुरती पुरुष डॉक्टरकडून तपासणी करून घेण्यास शरीअतची परवानगी आहे.

गर्भाशय काढण्याची घाई मात्र करू नये. बीड जिल्ह्यातील ऊसतोड स्त्रियांबाबत २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. पाहणी केलेल्या ८२ हजारांहून अधिक स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. काही वेळा ही शस्त्रक्रिया खरोखर अटळ असते. पण इतर उपाय विचारल्याशिवाय आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेतल्याशिवाय होकार देऊ नये.

पतींनो, पित्यांनो, पत्नीच्या किंवा मुलीच्या चेहऱ्यावरील फिकेपणा हा तुमच्याकडे सोपविलेल्या अमानतीचा प्रश्न आहे. आजारामुळे रोजा झेपत नसेल, तर तो पुढे ठेवण्याची सवलत कुरआननेच दिली आहे (२:१८५). ती सवलत घेणाऱ्या स्त्रीला घरात कोणी टोमणा मारू नये.

अल्लाह आपल्या माता-भगिनींना आरोग्य देवो आणि आपणास त्यांचे हक्क ओळखण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.