गिअरबॉक्स उघडण्याआधी

काशीतल्या दुर्गाघाटावर गाडी कुणाच्याच दारात उभी राहत नाही. नारायण दीक्षितांनी अठराव्या शतकात बांधून घेतलेल्या या घाटामागच्या गल्ल्यांत आमच्यासारखी मराठी घरं पिढ्यान्‌पिढ्या राहत आली, पण तिथे स्कूटरसुद्धा अंग चोरून जाते. मोटार ठेवायची ती मैदागिनच्या बाजूला, जागा मिळेल तिथे. त्यामुळे रात्रभरात गाडीखाली तेलाचा डाग पडला तरी मालकाच्या नजरेस येत नाही. सकाळी जाऊन गाडी बाहेर काढायची, चालू लागायचं. म्हणून इथल्या ऑटोमॅटिक गाड्यांचं दुखणं फार उशिरा कळतं.

आमची गाडी जुनी, चार गिअरची, टॉर्क कन्व्हर्टरवाली. वडिलांचा डावा पाय अधू झाला, क्लच दाबणं जमेना, तेव्हा वापरलेलीच घेतली होती. एका पावसाळ्यात गोदौलियाच्या तुंबलेल्या पाण्यातून ती घरी आली आणि त्यानंतर जागची हलताना जड जड होऊ लागली. सुटताना इंजिन घुमायचं, गाडी मात्र रेटल्यासारखी पुढे सरकायची. एकदा वेग घेतला की ठीक चालायची, पण गिअर बदलल्याचं कुठेच जाणवत नसे. वर्कशॉपवाल्याने एक फेरी मारली आणि सांगितलं, ‘गिअरबॉक्स बैठ गया है.’ गिअरबॉक्स उतरला, क्लचप्लेटा आणि सील बदलले गेले, मोठं बिल वडिलांनी भरलं. गाडी रस्त्यावर आली आणि तशीच जड सुटली.

खरं कारण नंतर एका वयस्क ऑटो इलेक्ट्रिशियनने शोधलं. गिअरबॉक्सवर बसवलेल्या वेगाच्या सेन्सरच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरून पिनांवर हिरवा गंज चढला होता. पिना साफ केल्या, तुटायला आलेली तार बदलली, आणि चारही गिअर पहिल्यासारखे पडू लागले.

हे असं का होतं ते समजून घेतलं तर पुष्कळ पैसा वाचतो. अशा गिअरबॉक्सात आत शिरणारा आणि बाहेर पडणारा वेग दोन सेन्सर मोजतात. ती माहिती, शिवाय थ्रॉटल किती उघडला आहे ते, कॉम्प्युटरकडे जातं. तो सोलेनॉइडना हुकूम देतो, सोलेनॉइड तेलाची वाट बदलतात आणि तेलाच्या दाबाने आतले क्लच धरतात किंवा सुटतात. यातली एखादी खबर खोटी वाटली की कॉम्प्युटर गिअर बदलणंच थांबवतो आणि गाडी एका गिअरवर, पुष्कळदा तिसऱ्यावर, अडवून ठेवतो. मेकॅनिक याला ‘लिंप मोड’ म्हणतात. तिसऱ्यावर सुटणारी गाडी जड वाटणारच; तिच्या प्लेटा त्यासाठी झिजलेल्या असाव्या लागत नाहीत. किल्ली बंद करून पुन्हा लावल्यावर गाडी थोडा वेळ नीट चालली, तर संशय आधी विजेवर घ्यावा. झिजलेली प्लेट किल्ली फिरवून बरी होत नाही.

म्हणून वर्कशॉपात जाण्याआधी लक्षण नेमकं पकडा. ‘गाडी उचलत नाही’ एवढं सांगून भागत नाही. इंजिनचे आरपीएम चढतात पण वेग वाढत नाही, म्हणजे घसर आहे. ‘डी’ किंवा ‘आर’ टाकल्यावर गाडी क्षणभर विचार करते, म्हणजे तेल कमी असेल किंवा दाब गळत असेल. धक्का बसतो, तर सोलेनॉइडइतकाच इंजिनचा फाटलेला माउंटिंगही दोषी असू शकतो. आणि हे थंड असताना होतं की तापल्यावर, हे जरूर टिपा. जूनमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास असताना मैदागिन ते गोदौलिया मुंगीच्या पावलांनी गेलं की टॉर्क कन्व्हर्टर तेलाला चांगलंच तापवतो. तीच गाडी सकाळी थंड असताना मेकॅनिकच्या हाती दिली तर त्याला काही सापडत नाही. त्याला शेजारी बसवून तापलेल्या गाडीत फेरी मारा, गर्दीतून आणि मोकळ्या रस्त्यावरूनही.

मग तेल. बहुतेक गाड्यांत ते गरम झाल्यावर, सपाट जागी, इंजिन चालू ठेवून बघतात. काहींत इंजिन बंद करून. काही गाड्यांना डिपस्टिकच नसते. आपल्या गाडीच्या पुस्तकात जे लिहिलं असेल तेच खरं. चांगलं तेल लालसर, आरपार दिसणारं असतं. काळपट आणि जळका वास, म्हणजे प्लेटा तापून जळताहेत. दुधाळ गुलाबी रंग दिसला तर आत पाणी गेलंय, पुराचं किंवा फुटलेल्या रेडिएटरचं. अशी गाडी पुढे चालवूच नका. तेल भरताना ‘सगळं सारखंच असतं’ म्हणणाऱ्या दुकानदाराचं ऐकू नका. एसपी-थ्री दर्जाचं तेल मागणाऱ्या गाडीत दुसरं गेलं की गिअर बदलण्याची रीतच बिघडते, आणि सीव्हीटी प्रकारच्या ऑटोमॅटिकचं तेल तर अगदीच वेगळं.

इथे एक सांगायला हवं. बाजारात क्लच पेडल नसलेल्या सगळ्याच गाड्यांना ऑटोमॅटिक म्हणतात. पण २०१४ साली मारुतीने सेलेरिओत आणलेली एएमटी ही मुळात मॅन्युअल गिअरपेटीच. क्लच आणि गिअर तिथे यंत्र हलवतं. तिच्या धक्क्यांची कारणं वेगळी असतात, त्यामुळे वर सांगितलेलं सगळं तिला लागू पडत नाही.

तेल बघून झालं की बॅटरी, अर्थिंगची तार, कनेक्टर, मग स्कॅनर. पी ०७०० हा कोड फक्त एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरची काही तक्रार आहे. तेवढ्यावर पेटी उतरवू देऊ नका, आतला नेमका कोड मागा. पी ०७१५ किंवा पी ०७२० आला तर वेगाचे सेन्सर आणि त्यांच्या तारा आधी तपासायच्या. कोड काही नाही आणि तरी घसर आहे, तर तेलाचा दाब गेजने मोजून घ्या. हे पेटी न उतरवता होतं. शेवटी तळाचं पॅन काढून बघायचं. त्यातल्या चुंबकावर करडी बारीक भुकटी नेहमीची असते. चमकते धातूचे कण किंवा प्लेटेचे तुकडे निघाले, तर मात्र मेकॅनिक खरं बोलतोय आणि खर्च टळणार नाही.

बंद पडलेली ऑटोमॅटिक दोरीने ओढून नेऊ नका. पुढच्या चाकांच्या जोरावर चालणाऱ्या गाडीचं इंजिन बंद असेल तर तेलाचा पंपही बंद असतो आणि आतले भाग कोरडे फिरतात. पुढची चाकं उचलून किंवा सपाट ट्रकवर चढवूनच न्या, वर्कशॉप चौकापलीकडे असलं तरी.