होडीचे इंजिन हवा घेते तेव्हा

कोकणच्या खाड्यांत व किनाऱ्यालगत मासेमारी करणाऱ्या अनेक होड्यांच्या मागील फळीवर पेट्रोल किंवा रॉकेलवर चालणारे लहान इंजिन बसविलेले असते. मंद गतीत हे इंजिन कधी आपोआप पळू लागते, तर कधी गचके देऊन बंद पडते. अशा वेळी पुष्कळ जण प्रथम कार्ब्युरेटरचा स्क्रू फिरवितात. ही सवय नुकसानकारक आहे. दोष बहुधा स्क्रूत नसून शोषणात असतो. तो तसाच राहिल्यास दट्ट्या करपून इंजिन भर समुद्रात अडकण्याचा धोका संभवतो.

शोषण कसे होते?

टू-स्ट्रोक इंजिनात दट्ट्या वर जाताना खालच्या क्रँक-पेटीतील दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. या शोषणाने रीड-व्हॉल्व्ह उघडतात व कार्ब्युरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने आत येते. गळ्यात हवेचा वेग वाढला की तेथील दाब उतरतो. वाटीतील इंधनावर मात्र बाहेरच्या हवेचा दाब कायम असतो. त्यामुळे इंधन जेटमधून चढून हवेत मिसळते.

कार्ब्युरेटरच्या पुढील जोडात फट पडली की जादा हवा तेथून शिरते. ही हवा इंधन न घेताच आत जाते व मिश्रण पातळ होते. ज्या इंजिनांत तेल इंधनातच मिसळतात, तेथे इंधन घटल्याबरोबर वंगणही घटते. दट्ट्या तापून सिलिंडरला चिकटतो, तो यामुळेच.

तपासणीचा क्रम

तपासणी पाण्याच्या पिंपात किंवा किनाऱ्याशी बांधलेल्या होडीवर करावी. पिंपात काम करताना पंखा काढून ठेवावा. थंड पाणी ओढणारे छिद्र पाण्याखाली असलेच पाहिजे, नाही तर पाण्याच्या पंपातील रबरी चक्र थोड्याच वेळात निकामी होते.

१. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू पाहावा. तो बंद राहिल्यास टाकीतच शोषण निर्माण होते व काही मिनिटे चालून इंजिन थांबते. इंधनाच्या नळीवरील रबरी फुगा चालू इंजिनात चपटा झाल्यास हाच दोष, अथवा टाकीकडील नळी किंवा गाळणी तुंबली आहे, असे समजावे.

२. इंजिन बंद ठेवून फुगा दाबावा. तो कडक न झाल्यास टाकी व फुगा यांमधील नळीत हवा शिरते किंवा फुग्यातील झडप बिघडली आहे. कडक झाल्यावर पुढील नळीला कोठे पाझर फुटतो तेही पाहावे.

३. इंजिन गचके देत असताना चोक अर्धा ओढावा. इंजिन सावरल्यास मिश्रण पातळ आहे. ते अधिकच गुदमरल्यास मिश्रण आधीच दाट असून फट शोधण्याचे कारण नाही.

४. मिश्रण पातळ ठरल्यास चोक पूर्ववत् करून फुगा दाबत राहावे. तेवढ्याने इंजिन सुधारल्यास इंधनपंपाचा डायफ्राम किंवा इंधनमार्ग तपासावा. काहीच फरक न पडल्यास जेट तुंबला आहे किंवा कोठे तरी हवा शिरते आहे.

५. इंजिन मंद चालवून कार्ब्युरेटरच्या बुडाच्या व रीड-व्हॉल्व्हच्या पॅकिंगच्या कडेने तेलाचे दोन-दोन थेंब सोडावेत. ज्या जागी थेंब पडताच गती बदलते, तेथे फट आहे. या कामी पेट्रोल कदापि वापरू नये. आग लागण्याचा धोका असतो.

क्रँकच्या वरच्या व खालच्या ऑइल-सीलची गळती या रीतीने कळेलच असे नाही. इतर सर्व जोड निर्दोष असूनही इंजिन पळत राहिल्यास सीलची दाबपरीक्षा कुशल मिस्त्रीकडून करवून घ्यावी.

दुरुस्ती

जुने पॅकिंग लोखंडी पात्याने खरवडू नये. ॲल्युमिनियमवर ओरखडे पडून नवी फट तयार होते. जोडाचा पृष्ठभाग सपाट काचेवर टेकवून वाकला नसल्याची खात्री करावी. पॅकिंग मूळ जाडीचेच घालावे. हाताने कापलेल्या पॅकिंगने इंधनपंपाकडे दाब नेणारे छिद्र झाकले जाणार नाही, याकडे लक्ष द्यावे. नट आळीपाळीने, सारख्या ताणाने आवळावेत. यानंतरच कार्ब्युरेटरचा स्क्रू पुस्तिकेतील मापावर आणावा. काही वेळ भारावर चालविल्यावर प्लगचे टोक फिकट तपकिरी असल्यास मिश्रण योग्य आहे. पांढरे पडल्यास अजून पातळ आहे.

पावसाळ्यापूर्वीची काळजी

पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवतात. त्या काळात वाटीत राहिलेले पेट्रोल उडून चिकट थर मागे राहतो व जेट तुंबतात; म्हणून वाटी रिकामी करून ठेवावी. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते. ते दमट हवेतील ओलावा ओढते व जुन्या रबरी नळ्यांस मऊ पाडते. यास्तव नारळी पौर्णिमेनंतर होडी लोटण्यापूर्वी नळी, फुगा व डायफ्राम नीट तपासावेत आणि ताजे इंधन भरावे.

ग्रामसेवकांनी हा तपासणीचा क्रम गावातील होडीवाल्यांना एका चालू इंजिनावर प्रत्यक्ष करून दाखविणे इष्ट होय. वेळीच बदललेले पॅकिंग अल्प खर्चात होते. करपलेल्या दट्ट्याची दुरुस्ती मात्र महाग पडते व हंगामातील मोलाचे दिवस वाया जातात. दुरुस्ती केलेले इंजिन घेऊन प्रथम बाहेर पडताना वल्ही बरोबर ठेवावीत व किनारा दृष्टीआड होऊ देऊ नये.