खड्ड्यातली हाक
वाचनभाग : उत्पत्ति 37:12-35, 42:21



योसेफ 17 वर्षांचा होता. भावांनी त्याचा झगा काढून घेतला, त्याला खड्ड्यात टाकले आणि स्वतः जेवायला बसले. 37व्या अध्यायात खड्ड्यातून योसेफाचा एकही शब्द ऐकू येत नाही. तो गयावया करत होता, हे पुष्कळ वर्षांनंतर, 42व्या अध्यायात भावांच्याच तोंडून कळते. हाक होती, ऐकणारा कोणी नव्हता.

आज तो खड्डा मोबाईलमध्ये आहे. रंगावरून, बोलीवरून, जमातीवरून मुलांना ग्रुपवर चिडवले जाते. फोटो बदलून फिरवले जातात. बापाला दाखवलेल्या रक्ताळलेल्या झग्यासारखाच हा खोटा पुरावा. उमरेड-भिवापूरकडच्या खेड्यांतून वसतिगृहात आलेल्या मुलांचे आईवडील जवळ नसतात. सांगितले तर मोबाईल जाईल, शाळा सुटेल, या भीतीने मूल गप्प बसते.

मोठ्यांनाही हे सोसत नाही. तडवी भिल्ल समाजातील डॉ. पायल तडवी यांनी 22 मे 2019 रोजी मुंबईत आत्महत्या केली. जमातीवरून आणि व्हॉट्सॲप ग्रुपवरही त्यांचा अपमान होत होता, असा कुटुंबाचा आरोप आहे. मग लेकरांचे काय?

आपण काय करावे?

1. आधी ऐका. रागावू नका, मोबाईल हिसकावू नका. “सांगितलेस, बरे केलेस,” एवढे म्हणा.
2. मेसेज पुसू नका. स्क्रीनशॉट, तारीख व नंबर जपून ठेवा, मग ब्लॉक करा. अश्लील चित्र मात्र कोणालाही पाठवू नका. थेट पोलिसांकडे जा.
3. मुलांसाठी 1098, सायबर तक्रारीसाठी 1930 हे क्रमांक आहेत. 18 वर्षांखालील मुलांच्या लैंगिक छळाला पोक्सो कायदा (2012) लागतो. जमातीवरून अपमान झाल्यास अत्याचार प्रतिबंधक कायदाही (1989) लागू होऊ शकतो.
4. रऊबेनाला योसेफाला वाचवायचे होते, पण तो हेतू त्याने भावांसमोर उघड सांगितला नाही. परत आला तेव्हा खड्डा रिकामा होता. ग्रुपवर गप्प राहून पाहणाऱ्या मुलांना हे शिकवा.

आणि विसरू नका, छळणारे याकोबाच्याच घरातले होते. आपल्या मुलांचे मेसेजही विचारा. चुकले असेल तर क्षमा मागायला लावा.

चर्चेसाठी : आपल्या मंडळीतील मूल अशी गोष्ट प्रथम कोणाला सांगेल?

प्रार्थना : हे प्रभू, लेकरांची हाक वेळेवर ऐकणारे कान आम्हांला दे. आमेन.